नागपूर प्रांतातील कुळशोध

कुळशोध, नागपूर प्रांतातील : जुन्या सरकारी, धार्मिक व खाजगी कागदांवरून घराण्याची वंशावळ आणि मूळ गाव ठरवण्याची रीत. प्रस्तुत नोंदीत नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आताचे चंद्रपूर) या जुन्या जिल्ह्यांचा विचार केला आहे. वऱ्हाडात रयतवारी होती, त्यामुळे तिथले कागद निराळे आणि त्यांची नोंदही निराळी.

गोंड राजवट : देवगडच्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले, या काळातले सामान्य कुटुंबांविषयीचे लेखन जवळजवळ नाही.

भोसलेकाळ : पहिल्या रघूजी भोसल्यांबरोबर व त्यांच्या मागोमाग पश्चिमेकडून आलेल्या घराण्यांची माहिती मोडी कागदांत, सनदांत आणि बखरीत सापडते. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिलेली भोसल्यांची बखर आणि नागपूरचे ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा १८२७ चा अहवाल ही दोन साधने नेहमी पुढे केली जातात. परंतु ज्या घरात इनाम, वतन किंवा सरदारी नव्हती त्या घराचे नाव त्यांत शोधणे बहुधा व्यर्थ ठरते. वंशावळ थेट शिवकाळाला नेऊन भिडवणाऱ्यांनी ही मर्यादा आधीच ओळखलेली बरी.

खरे साधन १८५४ नंतर तयार झाले. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. पुढच्या काही वर्षांत पहिला तीस वर्षांचा बंदोबस्त (जमीनमहसुलाची आकारणी) झाला. भोसल्यांच्या अमलात जे पाटील गावाचा वसूल मक्त्याने भरत होते त्यांनाच इंग्रजांनी गावाची मालकी दिली, हे मालगुजार. मात्र मालगुजारापाशी थांबून न राहता गावच्या जमाबंदीत जमीन कसणारी कुळे व छोटे शेतमालकही नावानिशी उतरवले गेले: कोण मौरूसी (कायम हक्काचे कूळ), कोण मालिक मकबूजा (आपल्या तुकड्याचा मालक), कोणाकडे कोणता खसरा (शेताचा क्रमांक), लगान किती. नागपूर जिल्ह्यात १८९० ते १८९५ या काळात बंदोबस्त अधिकारी क्रॅडॉक यांनी दुसरा बंदोबस्त केला, तेव्हा तीच नावे पुन्हा तपासली गेली. या बंदोबस्ताच्या मिसली आणि पटवाऱ्याचे वार्षिक कागद हाच येथील कुळशोधाचा कणा आहे. त्यांत माणसाची नोंद ‘राघो वल्द (म्हणजे मुलगा) गोविंदा, कुणबी’ अशी असते. आडनाव बहुधा नसतेच. बाई दिसते ती जौजे (बायको) म्हणून किंवा नवरा गेल्यावर बेवा म्हणून, आणि तीही शेत तिच्या नावे चढले तरच.

यावरून पद्धतीचा मुख्य नियम निघतो: नावाचा नव्हे, जमिनीचा माग काढावा. एका गावात राघो वल्द गोविंदा तीन असू शकतात, पण त्या खसरा क्रमांकाचा धारक एका वेळी एकच असतो, किंवा चुलत भावांची शामिलात (सामाईक धारणा) असते. आज हयात असलेल्या माणसाच्या शाळेच्या दाखलखारीजपासून (प्रवेश-नोंदवहीपासून) मागे जाऊन पटवाऱ्याच्या पत्रकातील शेत गाठले, की पुढची दोन-तीन नावे बंदोबस्तातून मिळतात. जोड जुळते ती शेतामुळे. नावसाम्य हा फार तर दुय्यम पुरावा. अर्थात गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या कुळाचा माग येथेच तुटतो. पुढे १९५१ मध्ये मालगुजारी गेली तरी जुने कागद राहिले.

कोतवाल बुक : गावच्या जन्ममृत्यूची वही. जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीत हिला सर्वाधिक वजन दिले जाते, म्हणून ती कशी बनते हे नीट पाहिले पाहिजे. जन्माच्या रकान्यात बापाचे नाव, जात, तारीख आणि पुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. बाळाचे नाव ठेवण्याआधीच नोंद झालेली असते. मृत्यूच्या बाजूला कारण म्हणून ठिकठिकाणी ‘ताप’. माहिती सांगणारा कोतवाल एक, ती लिहिणारा मास्तर, मुकद्दम किंवा पटवारी दुसरा, आणि ती ठाण्यावर जमा होणार. म्हणजे आजोबांची जात त्यांनी स्वतः सांगितली असेलच असे नाही. गावाने त्यांना काय म्हटले ते तिथे लिहिले आहे.

कागदाचा हा पक्षपात केवळ नागपूरचा नाही. अमेरिकेतील वसाहतकाळच्या घराण्यांचा शोध घेणारे नगरनोंदी, मृत्युपत्रे आणि चर्चच्या वह्या वापरतात. तेथील १७९० ते १८४० च्या जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे, बाकीची माणसे आकड्यांत. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावे जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. येथे त्या जागी भूमिहीन मजूर व सालदार आहेत. ज्याच्याकडे खसरा नाही तो बंदोबस्तात नाही, आणि त्याच्या वंशजाला कोतवाल बुकाशिवाय दुसरा आधार क्वचितच मिळतो. कागद नाही म्हणून घराणे नव्हते असा निष्कर्ष काढणारा अधिकारी हा भेद विसरतो.

कोतवाल बुकातील जातीच्या नोंदीविषयीच्या या शंकेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: राज्यघटनेपूर्वीच्या कागदात जात लिहिण्यात कोणाचा लाभ नव्हता, म्हणून तो निखळ खरा मानावा. आक्षेपात तथ्य आहे. न्यायालयांनीही अशा जुन्या कागदांना अधिक पुराव्याचे मूल्य दिले आहे, आणि रहिवासाचा पुरावाही अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा मागितला जातो. पण लाभ नव्हता म्हणजे चूक नव्हती असे नव्हे. विणकर कुटुंबे हलबा या अनुसूचित जमातीची की कोष्टी जातीची, या वादात एकाच घराच्या निरनिराळ्या कागदांत निरनिराळे शब्द पुढे आले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी अनुसूचीत आहे तेवढेच वाचायचे, असा निर्णय दिला. तो निर्णय कायद्याचा आहे; त्या घरांचा सामाजिक इतिहास कोणता, हा प्रश्न अभ्यासकांत अजून खुला आहे. उलट ‘कुणबी’ ही नोंद येथे विपुल आढळते. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीनंतर अशा नोंदी काढण्यासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. त्या मागणीविषयी येथे मत देण्याचे कारण नाही, पण अडगळीत पडलेले दप्तर उघडले हे कुळशोधाच्या दृष्टीने चांगलेच झाले.

दुसरा आक्षेप असा की भाटांच्या वह्या आणि नाशिक, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळी बंदोबस्ताहून जुन्या आहेत, मग सरकारी कागदाचे एवढे स्तोम कशाला? त्यांत बाईमाणसांची, क्वचित माहेरचीही नावे मिळतात, हे मोठे बळ आहे. परंतु यात्रेला गेला तोच नोंदला गेला, आणि भाटाची वही यजमानाच्या गौरवासाठी असते. तेव्हा त्यांतून नावे घ्यावीत. नाते मात्र जमिनीच्या कागदाशी ताडूनच लिहावे.

नागपूर शहर : नगरपालिका १८६४ ची, घरजागेसाठी नझूलचे (शहरातील सरकारी जमिनीचे) कागद पाहावेत.

कामठी : १८२१ ची छावणी; मद्रासी पलटणींबरोबर आलेल्या तमिळ-तेलुगू कुटुंबांचे काही बाप्तिस्मे व विवाह चर्चच्या वह्यांत आहेत.

जनगणना : कुटुंबनिहाय अनुसूच्या १९४८ च्या कायद्यानुसार पाहावयास मिळत नाहीत.

नक्कल मागताना आजचा नव्हे, त्या वेळचा जिल्हा लिहावा. वर्धा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा झाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट १९५६ मध्ये मध्य प्रदेशात राहिले. सीमेपलीकडे शाखा असलेल्या घराण्यांनी तेथील तहसिलीत वेगळा अर्ज करावा.