शिकलगाराचं चाक आणि बाबांचं फडकं : गाडी चमकवणाऱ्या यंत्राचा इतिहास



आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. आमच्या बीरगांवात बिलासपूर रस्त्याच्या बाजूला एक तरुण गाड्या धुण्याचं दुकान चालवतो. त्यानं लोखंड घासायच्या ग्राइंडरला स्पंजची चकती लावली आणि एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या दारावरचा रंग उडवला. भरपाईत त्याची महिन्याची कमाई गेली. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, मशीन कुठलं घेऊ?" मी म्हटलं, बस, चहा घे. मशीन कुठलं हे नंतर सांगतो, आधी ते कशासाठी जन्माला आलं ते ऐक. त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पॉलिश करण्याची आपल्याकडे दोन घराणी आहेत. एक चाकाचं, दुसरं तळहाताचं.

चाकाचं घराणं म्हणजे शिकलगार. तलवारी, भाले, खंजीर यांना धार लावणारा आणि त्यांचा गंज काढून लखलखीत करणारा कारागीर. सैन्य जाई तिथे त्याच्या हाताला काम असे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपूरला आले आणि छत्तीसगडात मराठ्यांचा अंमल सुरू झाला. अशा फौजांचं पोलाद ज्यांनी राखलं, त्यांची नावं इतिहासात येत नाहीत. शिकलगाराचं साधन सोपं असे. पट्ट्यानं फिरवायचं दगडाचं चाक. एकानं पट्टा ओढायचा, दुसऱ्यानं पातं टेकवायचं. चाक एकाच जागी, एकाच अक्षावर फिरतं, म्हणून झटपट कापतं आणि तापतंही तितकंच. पातं क्षणभर जास्त टेकलं, तर पाणी उतरलंच म्हणून समजा.

तळहाताचं घराणं मला डेहराडूनच्या अकादमीत भेटलं. बूट चमकवायला शिकवणारे आमचे उस्ताद बोटाला ओलं फडकं गुंडाळून बुटाच्या टोकावर छोटी छोटी वर्तुळं काढायचे आणि म्हणायचे, "साहब, दबाना नहीं, घुमाना है." आम्ही तरणी पोरं जोर लावायचो आणि आधीचा थरही उखडून काढायचो. गंमत म्हणजे त्याच फौजेत आमच्या गाड्यांना चकाकी निषिद्ध होती. रंग मुद्दाम निस्तेज, कारण उन्हात काच चमकली तरी शत्रूला ठावठिकाणा कळतो. पण छोटी वर्तुळं आणि हलका हात हा धडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारी रंगवणं म्हणजे दिवसांचं, कधी आठवड्यांचं काम. तेल आणि व्हार्निशचे थर एकेक करून वाळवायचे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीनं ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग बाजारात आणला. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड ही गाडी त्या निळ्या रंगात निघाली आणि वाळवण्याचं काम तासांवर आलं. ते नाव आपल्याकडे इतकं रुजलं की कपाट रंगवणारा कारागीर आजही 'ड्यूको मारू का?' असं विचारतो. मात्र हा रंग वाळल्यावर मंद दिसे. त्याला घासून, कापून तेज आणावं लागे. म्हणजे पॉलिश ही हौस नव्हती, रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता.

मुंबईनं हा धंदा लवकर उचलला. लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स सुरू झाली, तीच पुढची नेरोलॅक. १९४२ मध्ये, युद्धामुळे बाहेरचा माल आटला असताना, गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजात एशियन पेंट्सचा जन्म झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडू लागली. म्हणजे रंगही आपला आणि गाडीही आपली.

घासायला यंत्र मात्र चाकाच्याच घराण्यातलं आलं. जर्मनीत १८९५ मध्ये फाइन कंपनीनं हातात धरायचं विजेचं ड्रिल बनवलं. १९५४ मध्ये फ्लेक्स कंपनीचा अँगल ग्राइंडर आला. त्याच जातीच्या यंत्राचा वेग कमी करून पुढे लोकरीची चकती लावली की झाला रोटरी पॉलिशर. शिकलगाराच्या चाकाला वीज जोडली, एवढाच फरक. कसलेल्या हातात रोटरी आजही उत्तम काम करतो. प्रश्न कच्च्या हाताचा आहे. आता माझ्या कच्च्या हाताची गोष्ट सांगतो.

माझे बाबा रायपूरच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये होते. नागपूरहून आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडे गडद निळी पद्मिनी होती. दर दिवाळीच्या आधी ते तिला हातानं पॉलिश करत. फडकं पांढरंच घ्यायचं, जुन्या धोतराचं, हा त्यांचा नियम. थोडं घासून झालं की फडकं उलटून बघायचे. ते निळं दिसू लागलं की म्हणायचे, "गाडी फडक्यावर यायला लागली. पुरे आता." तिथे हात थांबायचा, मग डाग पूर्ण गेला असो की नसो. आम्हाला वाटायचं, बाबा कंटाळले. ते कंटाळलेले नसायचे, हिशेब ठेवत असायचे. वॅगनचं पोलाद झिजलं तर नवं बसवता येतं, गाडीचा रंग एकदाच मिळतो, असं ते म्हणत.

बाबा गेले, मी निवृत्त होऊन घरी आलो, तेव्हा गाडी शेडमध्ये मळकट उभी होती. वर्षश्राद्धाला नातेवाईक येणार, त्याआधी ती झळकावी म्हणून मी एक रोटरी उसना आणला. फौजी माणूस, वाटलं यात काय अवघड आहे? बॉनेटच्या मधल्या उंचवट्याच्या कडेवर मशीन जरा कललं. दोन-तीन सेकंद, बस. निळ्यातून करडं प्राइमर डोकावलं. मशीन बंद करून पाहिलं तर लोकरीची चकती निळीशार झाली होती. गाडी फडक्यावर आली होती. सांगत होती, थांब. मी बघितलंच नाही.

कडेलाच का घडलं, तेही समजून घ्या. रंग ओला असताना कडेवरून ओघळतो, म्हणून तिथला थर मुळातच पातळ असतो. सपाट पत्र्यावर चकतीचा भार पसरतो, कडेवर तो एका रेषेत एकवटतो. भार एकवटला की उष्णताही एकवटते.

पण माझ्या चुकीत एक गोष्ट तरी बरी होती : जुना रंग बोलायचा. वरपासून प्राइमरपर्यंत एकच रंग, त्यामुळे निघालेला कण फडक्यावर दिसायचा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जगभर दुथरी पद्धत पसरली आणि आपल्याकडेही नव्या गाड्यांबरोबर आली. खाली रंगाचा पातळ थर, त्यावर बिनरंगाचा पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. आपण घासतो तो हाच थर. तो निघाला तरी फडक्यावर काही दिसत नाही, कारण त्याला रंगच नाही. पांढऱ्या फडक्याचा बाबांचा हिशेब तिथे चालत नाही. रंग मुका झाला. बोलेल तेव्हा वेळ गेलेली असेल.

म्हणून यंत्रालाच शहाणपण शिकवणं गरजेचं झालं. ते शहाणपण लाकूड आणि पत्रा घासणाऱ्यांकडून आलं. आधी ऑर्बिटल सँडर होते. त्यांची पट्टी गोल फिरत नसे, जागच्या जागी छोट्या वर्तुळात थरथरत असे. पुढे ही पट्टी एका मोकळ्या बेअरिंगवर बसवली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस रँडम ऑर्बिटल सँडर अवतरला. चकती छोट्या वर्तुळात हलते आणि शिवाय स्वतःभोवतीही फिरते. दोन क्रिया, म्हणून ड्युअल अ‍ॅक्शन. बॉडीशॉपचे लोक त्याला नुसतं डीए म्हणतात. याच सँडरला फोमची गादी लावून पॉलिशर झाला. इटलीची रुपेस कंपनी १९४७ सालची. तिनं २०१० नंतर २१ मिलिमीटर झेपेचं मोठं यंत्र आणलं आणि पूर्वी फक्त रोटरीनं होणारी कामं डीएवर होऊ लागली.

यातली खरी युक्ती मोकळ्या बेअरिंगमध्ये आहे. रोटरीत मोटर चकतीला थेट फिरवते, म्हणून तुम्ही दाबलं तरी ती फिरतच राहते. साध्या डीएत मोटर फक्त झेप देते. स्वतःभोवतीचं फिरणं त्या झेपेमुळे आपोआप होतं. जास्त दाबलं किंवा मशीन तिरकं झालं की घर्षण वाढतं आणि फिरणं थांबतं. उरते नुसती थरथर. नवशिक्याला वाटतं मशीन कमजोर आहे. कमजोर नाही मंडळी, ते तुम्हाला सांगतंय की हात हलका करा. उस्तादांचं 'दबाना नहीं' या बेअरिंगमध्ये येऊन बसलंय. गिअरनं सक्तीनं फिरणारा डीएही मिळतो, पण त्यात ही सवलत नाही. पहिल्या मशीनला तो घेऊ नका.

आता वापर. आमच्या बीरगांवात एक गोष्ट आधी. उरला आणि सिलतराचे लोखंडाचे कारखाने शेजारी. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलात तर तळपाय काळे होतात. त्या धुळीवर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवून बघा, कण चिकटतात. हे कण गाडीच्या रंगात रुततात, गंजतात, नारिंगी ठिपके पडतात. रेल्वेनं नेलेल्या नव्या गाड्यांवर रुळांचे आणि चाकांचे कण बसतात, त्याला परदेशात 'रेल डस्ट' म्हणतात. तीच जात. असे कण असताना मशीन चालवलं तर तुम्ही पॉलिश नाही, वाळूकागद घासताय. म्हणून आधी भरपूर पाण्यानं धुवा. मग लोहकण विरघळवणारं द्रावण मारा, लोखंड भेटलं की ते जांभळं होतं. त्यानंतर पाणी किंवा वंगण शिंपडत क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखी वडी, अलगद फिरवा. हात फिरवल्यावर पत्रा काचेसारखा लागला पाहिजे. हे सगळं सावलीत, थंड पत्र्यावर.

मग कडांना, रबरांना, काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा. आधी एका कोपऱ्यात, दोन फूट बाय दोन फुटांवर, सर्वांत मऊ गादी आणि सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन चाचणी करा. भागलं तर तिथेच थांबा, नाही भागलं तरच एक पायरी वर चढा. गादीवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. गादी पत्र्यावर टेकवूनच मशीन सुरू करा, नाहीतर भिंती रंगतील. आधी कमी वेगात पसरवा, मग वेग वाढवा. सेकंदाला इंचभर सरका, आधी आडवं, मग उभं, प्रत्येक पट्टा निम्मा मागच्यावर चढवत. चार ते सहा फेऱ्या झाल्या की पुसून बघा. मशीनच्या चकतीच्या कडेला काळ्या मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे. रेघ एका जागी थरथरली तर दाब किंवा तिरकेपणा कमी करा. मुक्या रंगाच्या जमान्यात ही रेघ म्हणजेच आपलं पांढरं फडकं.

शेवटी देखभाल. फौजेत वापरण्याइतकाच वेळ देखभालीला दिला जातो, आणि डीए बिघडतो तो बहुतेक याच्या अभावी. प्रत्येक भाग झाल्यावर गादी ब्रशनं झाडा. त्यात वाळलेलं पॉलिश आणि निघालेला रंग साचला की नवे ओरखडे पडतात. एका गाडीला एक गादी पुरत नाही, तीन-चार ठेवा. गादीचा मध्य सगळ्यात जास्त तापतो. हाताला चटका लागला तर बदला, नाहीतर फोम चिकटपट्टीपासून सुटतो. ही चिकटपट्टीसुद्धा एका स्विस माणसाची देणगी. जॉर्ज द मेस्ट्राल यांना १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून ती सुचली. तिचे आकडे उष्णतेनं वितळतात. काम संपल्यावर गाद्या कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, पिळू नका, नुसत्या दाबा, सावलीत वाळवा. मशीन गादीवर उभं करून ठेवू नका, फोम कायमचा चपटा होतो.

मशीनच्या झरोक्यांतून कोरडी हवा मारा. आमच्यासारख्या लोखंडी धुळीच्या गावात तर प्रत्येक वापरानंतर, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावून. ठिणग्या वाढल्या, वेग अडखळला, तर कार्बन ब्रश बघा. खरखर आवाज आला तर बेअरिंग. मशीनमधलं वजन ठरावीक मापाच्या चकतीशी जुळवलेलं असतं. भलत्या मापाची चकती लावली की तोल जातो, थरथर वाढते, बेअरिंग लवकर मरतं आणि बोटंही बधिर होतात. तपासणीआधी प्लग काढा. वायर खांद्यावरून मागे टाका, ओल्या जमिनीवरून नाही.

त्या तरुणानं आठ मिलिमीटर झेपेचा साधा डीए घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडेच घेऊन आला. सराव कशावर करायचा? मी शेडचं दार उघडलं. पद्मिनीचं बॉनेट धुतलं, पुसलं, टेप लावली. करड्या डागाभोवती टेपचा चौकोन केला. तो डाग मी दुरुस्त केलेला नाही आणि करणारही नाही. पोरानं मशीन टेकवलं, रेघ फिरू लागली. दोन फेऱ्यांनंतर मी हात वर केला. त्यानं गादी उलटून पाहिली. फिकट निळी झाली होती.

"पुरे?" त्यानं विचारलं.

"पुरे," मी म्हणालो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.