सदाओ यामानाका : तीन चित्रपटांची कीर्ति

जपानी चित्रपटाच्या इतिहासांत सदाओ यामानाका हें नांव मोठ्या आदरानें घेतलें जातें. परंतु त्या आदराचा सारा आधार अवघ्या तीन चित्रपटांवर आहे. दिग्दर्शक म्हणून त्याची कारकीर्द १९३२ ते १९३७ एवढीच. या अवधींत त्यानें पंचवीसएक चित्रपट केले. त्यांपैकीं पूर्ण स्वरूपांत उरले ते तीन. बाकीचे युद्धपूर्व काळांतील बहुतेक जपानी चित्रपटांप्रमाणें नाहींसे झाले.

यामानाकाचा जन्म १९०९ सालीं क्योटो येथें झाला. ही जुनी राजधानी त्या काळीं ऐतिहासिक चित्रपटांचें माहेरघर होती. १९२७ सालीं तो माकिनो कंपनींत शिरला आणि पंचविशी गांठण्यापूर्वींच दिग्दर्शक झाला. नारुताकी भागांतील आठ तरुण लेखक-दिग्दर्शक मिळून पटकथा लिहीत व ‘किम्पाची काजिवारा’ हें एकच टोपणनांव घेत. त्या आठांत यामानाका होता.

तलवारबाजीच्या चित्रपटांतील वीर म्हणजे बहुधा अतिमानुष पुरुष. यामानाकानें त्याला माणसांत आणलें. १९३५ सालच्या त्याच्या चित्रपटांत तांगे साझेन हा एक डोळा व एक हात गमावलेला तलवारबहाद्दर एका पोरक्या मुलाचा सांभाळ करतो. दहा लक्ष ऱ्यो मोलाच्या ठेव्याचा नकाशा ज्या घड्यांत दडलेला, त्याच्यासाठीं मोठमोठे लोक धांवपळ करीत असतात. आणि तो मुलगा त्यांतच आपले सोनेरी मासे ठेवतो! १९३६ सालच्या ‘कोचियामा सोशुन’मध्यें पंधरा वर्षांची सेत्सुको हारा दिसते, हीच पुढें ओझूच्या चित्रपटांमुळें जगप्रसिद्ध झाली.

तिसरा चित्रपट ‘माणुसकी आणि कागदी फुगे’. एदो शहरांतील एका दरिद्री चाळींत निर्धन सामुराईच्या आत्महत्येनें त्याचा आरंभ होतो. शेजारच्या बेकार सामुराईची पत्नी कागदी फुगे करून संसार चालविते. नोकरीसाठीं पतीनें केलेली प्रत्येक याचना मात्र व्यर्थ जाते. अखेर गटारांतून वाहत जाणारा एक फुगा तेवढा पडद्यावर राहतो.

२५ ऑगस्ट १९३७ रोजीं हा चित्रपट प्रकाशित झाला आणि त्याच दिवशीं यामानाकाला सैन्यभरतीचें बोलावणें आलें. चीनशीं युद्ध नुकतेंच पेटलें होतें. हाच आपला अखेरचा चित्रपट ठरला तर वाईट वाटेल, असें त्यानें आघाडीवर लिहून ठेवलें. १७ सप्टेंबर १९३८ रोजीं कैफेंग येथें आंतड्याच्या विकारानें त्याचा अंत झाला; वय २८.

त्याच वर्षाच्या आरंभीं चीनमध्यें त्याची व ओझूची भेट झाली होती. ओझूही तेव्हां सैनिकच होता. तो १९३९ सालीं मायदेशीं परतला आणि १९५३ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यानें ‘टोकियो स्टोरी’ निर्माण केला. यामानाकाला तें वय लाभलें असतें तर त्यानें काय केलें असतें, याचा अंदाज करण्यास तीन चित्रपट पुरेसे आहेत. म्हणूनच त्याच्या मृत्यूची हानि अधिक जाणवते.