विल्यम केरी : पाचारण आणि चिकाटी

ख्रिस्ती धर्मग्रंथांत 'पाचारण' हा शब्द वारंवार येतो. देव मनुष्यास हांक मारतो आणि मनुष्यानें ती ऐकून उठावें, असा त्याचा सरळ अर्थ. जाळीं टाकून निघालेले कोळी किंवा जकातीचें नाकें सोडून उठलेला मत्तय ह्यांच्या कथा वाचतांना आपलें लक्ष साहजिकच त्या उठण्याकडे जातें. चरित्रकारही बहुधा तेंच करतात. गलबत बंदरांतून हाकारलें, आप्तांनीं डोळे पुसले, कीं कथेचा रंग भरला; पुढचीं तीस-चाळीस वर्षें शेवटच्या चार पानांत उरकतात. आमच्या मतें ही मांडणी उलटी आहे. हांक एकदां येते. ती पाळावयाची मात्र रोज असते. विल्यम केरी ह्यांचें चरित्र ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे, आणि मराठी वाचकांवर त्यांचें कांहीं ऋण असल्यामुळें तें पाहणें उचितही आहे.

केरी ह्यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत एका विणकराच्या घरीं झाला. लहानपणींच ते जोडे शिवण्याच्या धंद्यास लागले. रापी हातीं असतां शेजारीं पुस्तक उघडें ठेवून त्यांनीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा आत्मसात केल्या. लूथरच्या काळापासून प्रॉटेस्टंट पंथांत अशी शिकवण आहे कीं, प्रामाणिकपणें केलेला कोणताही धंदा ही ईश्वराचीच चाकरी होय. तेव्हां जोडे शिवणें सोडून परदेशीं जाण्यास केरींना निराळें कारण हवें होतें. तें त्यांनीं १७९२ सालच्या आपल्या पुस्तिकेंत मांडलें. सर्व राष्ट्रांत जाऊन शिकवा ही ख्रिस्ताची आज्ञा केवळ पहिल्या प्रेषितांपुरती नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं केटरिंग गांवीं मूठभर बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांनीं मिशनरी मंडळी स्थापिली. त्या दिवशीं वर्गणीचे जे आंकडे पडले त्यांची बेरीज तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स झाली!

येथपर्यंतची कथा उत्साहाची आहे. परंतु केरींना ऐकूं आलेली हांक त्यांच्या पत्नीस ऐकूं आली नव्हती. डॉरथीबाईंचें लग्न १७८१ सालीं झालें, तेव्हां नोंदवहींत सही करतां न आल्यामुळें त्यांनीं फुली काढली होती. इंग्लंडाबाहेरचें जग त्यांनीं पाहिलें नव्हतें. हिंदुस्थानांत जाण्यास त्यांनीं साफ नकार दिला; आणि केरी थोरल्या मुलास, फेलिक्सला, घेऊन पत्नीवांचून निघाले. परवान्याच्या अडचणीमुळें त्यांना जहाजावरून उतरावें लागलें. ह्या विलंबांत केरींचे सहकारी डॉ. थॉमस ह्यांनीं फारच गळ घातली, तेव्हां बाईंनीं, धाकटी बहीण बरोबर असल्यास येतें, असें कबूल केलें. कडेवर कांहीं आठवड्यांचें मूल घेऊन १७९३ च्या जूनमध्यें त्या डॅनिश जहाजावर चढल्या आणि नोव्हेंबरांत कलकत्त्यास उतरल्या.

पुढें मालदा प्रांतांत मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर केरींना नोकरी मिळाली. तेथें १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा पीटर अतिसारानें गेला, आणि त्याच सुमारास डॉरथीबाईंच्या मनाचा तोल सुटूं लागला. नवऱ्याविषयीं भलभलते संशय घेऊन त्या त्याच्या अंगावर धांवून जात. अखेर त्यांना खोलींत कोंडून ठेवणें भाग पडलें. ही अवस्था १८०७ सालीं त्यांच्या मृत्यूबरोबरच संपली.

सन १८०० च्या आरंभीं केरी डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपुरास आले; कारण कंपनी सरकारला आपल्या हद्दींत मिशनरी नको होते. तेथें मार्शमन व वॉर्ड हे दोन जन्माचे सोबती त्यांना लाभले. त्याच वर्षीं २८ डिसेंबर रोजीं कृष्ण पाल ह्या सुताराचा बाप्तिस्मा हुगळीच्या पात्रांत झाला. सात वर्षांच्या खटपटीनंतरचा हा पहिला शिष्य. परंतु त्या आनंदाच्या घटकेस एका बाजूच्या घरांतून भ्रमिष्ट झालेल्या थॉमसांचा, तर दुसऱ्या बाजूच्या घरांतून डॉरथीबाईंचा आक्रोश कानीं येत होता, असें मार्शमन ह्यांच्या पुत्रानें लिहिलेल्या इतिहासांत नमूद आहे. केरींच्या निष्ठेचें मोजमाप करावयाचें तर ह्या घाटावर उभें राहूनच करावें. केरींनीं आजारी पत्नीस टाकलें नाहीं, तिला दूर धाडण्याचा विचारही मनांत आणला नाहीं, हें खरें. परंतु तिनें जें सोसलें तें केरींच्या त्यागाच्या खात्यावर जमा करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. स्वतःचें सर्वस्व देण्यास मनुष्य मुखत्यार आहे. दुसऱ्याचें देण्यास नाहीं. आमच्या मतें केरींच्या चरित्रांतील हा दोष उघडपणें मांडूनच त्यांचे गुण सांगितले पाहिजेत.

ते गुण कोणते? स्वतः केरींनीं पुतण्याजवळ एकच सांगितला होता. आपल्या अंगीं प्रतिभा नाहीं. परंतु एकदां हातीं घेतलेलें काम आपण पाय ओढीत कां होईना, पुढें नेऊं शकतों, असा त्याचा आशय होता. फोर्ट विल्यम कॉलेजांत १८०१ सालीं त्यांची बंगाली शिकविण्याकडे नेमणूक झाली. पुढें संस्कृत व मराठी ह्या भाषाही त्यांच्याकडे आल्या. मोठा पगार घरांत न ठेवतां ते तो मंडळीच्या सामायिक खजिन्यांत टाकीत. १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण निघालें. १८१० सालीं मराठी कोश मोडी लिपींत छापला. १८११ सालीं नवा करार मराठींत आला. ह्या कामीं वैजनाथ शर्मा ह्या पंडितांचें साह्य त्यांना होतें. तें मराठी आज ओबडधोबड वाटतें, आणि १८२६ सालीं मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं नवें भाषांतर काढून तें मागें टाकलें. परंतु छापील मराठी गद्याला वाटच नव्हती त्या काळीं ती पाडणाऱ्यांत हे दोघे होते, हें विसरतां येत नाहीं.

११ मार्च १८१२ रोजीं संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदांचे गठ्ठे, अनेक भाषांचे खिळे आणि केरींच्या व्याकरण-कोशांचीं हस्तलिखितें भस्म झालीं. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मार्शमननीं येऊन त्यांना ही वार्ता सांगितली. छापण्याचीं यंत्रें व खिळ्यांचे सांचे तेवढे वांचले होते. राखेंतून निघालेलें शिसें वितळवून वॉर्ड ह्यांनीं पुन्हां खिळे पाडण्यास सुरुवात केली, आणि पन्नाशी ओलांडलेले केरी पुन्हां पहिल्या शब्दापासून लिहूं लागले. एकदां तुडविलेली वाट दुसऱ्यानें चालणें तितकें अवघड नसतें, एवढेंच काय तें समाधान त्यांनीं मित्रांस कळविलें. इंग्लंडांत ह्या आगीमुळें श्रीरामपूरचें नांव सर्वतोमुखीं झालें आणि नुकसान कांहीं महिन्यांत भरून निघालें. जळालेलीं हस्तलिखितें मात्र वर्गणीनें परत येत नव्हतीं.

आगीहून कठीण प्रसंग आपल्याच माणसांकडून आले. फेलिक्स ब्रह्मदेशांत मिशनरी म्हणून गेला आणि तेथील राजाचा वकील होऊन १८१४ सालीं थाटानें कलकत्त्यास आला. जगाच्या दृष्टीनें ही बढती. बापानें मात्र ही अवनतीच मानली. पुढें लंडनच्या कारभाऱ्यांशीं मालमत्तेवरून व अधिकारावरून वाद वाढत गेला. ज्या मंडळीच्या स्थापनेंत केरींचा हात होता तिच्याशींच श्रीरामपूरचा संबंध १८२७ सालीं तुटला. तरी दुसऱ्या दिवशीं भाषांतराचें काम नेहमींच्या वेळीं सुरू झालें असेल, ह्याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं.

केरींनीं १७९९ सालीं हुगळीच्या कांठीं सतीचा प्रकार डोळ्यांनीं पाहिला होता. तेव्हांपासून ती चाल बंद व्हावी म्हणून ते खटपट करीत होते. तीस वर्षांनीं, १८२९ च्या डिसेंबरांत, बेंटिंक ह्यांचा सतीबंदीचा कायदा बंगालींत उतरविण्यासाठीं त्यांच्याकडे आला. तो दिवस रविवार, उपासनेचा. केरींनीं प्रवचन दुसऱ्यावर सोंपविलें आणि पंडितास घेऊन ते दिवसभर भाषांतरास बसले. कारण एका दिवसाच्या विलंबानें एखाद्या विधवेचा जीव जाण्याचा संभव होता. पाचारण म्हणजे केवळ व्यासपीठ नव्हे, हें ज्यास कळलें त्यालाच व्यासपीठ सोडण्याचा असा निर्णय घेतां येतो.

हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यापासून एक्केचाळीस वर्षांत केरी एकदांही मायदेशीं परतले नाहींत. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरास त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या धर्ममताशीं वाचकांचें पटो वा न पटो, एक गोष्ट मान्य करावी लागेल. केटरिंगच्या सभेंतील उत्साह अनेकांच्या अंगीं असतो. राखेपुढें बसून जुनाच कोश नव्यानें लिहिणारे थोडे. आणि असा निष्ठावंत पुरुष आपल्या घरांत असेल, तर त्याला हांक ऐकूं आली तशी बरोबरच्यांनाही आली आहे कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य घरच्यांनीं व त्यानें स्वतः दाखविलें पाहिजे. मदनावतीच्या त्या घरांत हा प्रश्न वेळीं कोणी विचारला नाहीं.