क्रोमबुक

क्रोमबुक : ज्याचे जवळजवळ सर्व व्यवहार ब्राउझर या एकाच आज्ञावलीतून चालतात, असा अल्पमोली लॅपटॉप संगणक. गूगल या अमेरिकन कंपनीने सिद्ध केलेली, लिनक्सवर आधारलेली ‘क्रोम ओएस’ ही परिचालन प्रणाली त्यात असते. यंत्र मात्र एसर, सॅमसंग, एचपी, लेनोवो, आसुस इ. कंपन्या बनवितात. सामान्य संगणकात आज्ञावल्या व कागदपत्रे यंत्रातच साठविलेली असतात. क्रोमबुकात ती बहुतांशी दूरच्या सेवासंगणकांवर राहतात आणि हाती असलेले यंत्र त्यांच्याकडे पाहण्याची खिडकी ठरते. ते विकत घ्यावे किंवा कसे, या प्रश्नात त्यामुळे किमतीबरोबरच आपले लेखन व हिशेब कोणाच्या हवाली करावयाचे, हाही प्रश्न येतो.

पूर्वपीठिका : ही कल्पना नवी नव्हे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत फेर्नांदो कॉर्बाटो यांनी १९६१ मध्ये कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. तेव्हापासून एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले जोडून काम करण्याची रीत रूढ होत गेली. फ्रान्समध्ये १९८० नंतरच्या दशकात दूरध्वनिधारकांना ‘मिनितेल’ हे टर्मिनल विनामूल्य देण्यात आले व ती सेवा ३० जून २०१२ पर्यंत चालू होती. वैयक्तिक संगणकाने ही रीत मागे सारली. ऑरॅकल कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी १९९५ मध्ये सुमारे ५०० डॉलर किमतीच्या ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ची कल्पना मांडली आणि पुढील वर्षी आयबीएम, सन, ॲपल व नेटस्केप या कंपन्यांनी तिला दुजोरा दिला. तथापि त्या काळी घरोघरचा संपर्क दूरध्वनीच्या मंद तारांवर अवलंबून होता, आणि थोड्याच वर्षांत पूर्ण क्षमतेचा संगणकच हजार डॉलरांच्या आत मिळू लागला. वाचणाऱ्या पैशापेक्षा सोसावी लागणारी गैरसोय मोठी ठरली. स्वस्त यंत्राची योजना फसते ती बहुधा याच कारणाने.

निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये जाहीर केलेली शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची योजना निराळ्या प्रेरणेची होती. मूल तेथे संगणक, हा तिचा संकल्प होता. उत्पादन २००७ मध्ये सुरू झाले तेव्हा किंमत सुमारे १८८ डॉलरांवर गेली होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती योजना २००६ मध्येच नाकारली होती. तरीही रायगड जिल्ह्यातील खैरात या खेड्याच्या लहानशा शाळेत २००७ मध्ये तिचा एक प्रयोग झाला. पेरू देशात ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणित व भाषा या विषयांतील गुणांवर तिचा परिणाम आढळला नाही. त्याच २००७ साली आसुस कंपनीचा सात इंची पडद्याचा ‘ईई पीसी’ बाजारात आला आणि लहान, स्वस्त लॅपटॉपला ग्राहक मिळतो, हे त्याने सिद्ध केले.

विकास : गूगलने क्रोम ब्राउझर सप्टेंबर २००८ मध्ये, तर क्रोम ओएसची घोषणा जुलै २००९ मध्ये केली. डिसेंबर २०१० मध्ये ‘सीआर-४८’ हे चाचणीयंत्र काही निवडक लोकांना वापरावयास देण्यात आले (त्यात ‘कॅप्स लॉक’च्या जागी शोधाची कळ होती, यावरून कर्त्यांचा रोख ध्यानी येतो). पहिली क्रोमबुके १५ जून २०११ रोजी विक्रीस आली. त्यांची किंमत ३४९ ते ४९९ डॉलर होती व तेवढ्या पैशात विंडोजचा लॅपटॉप मिळत असल्याने त्यांचे स्वागत बेताचेच झाले. २०१२ च्या अखेरीस सॅमसंगचे यंत्र २४९ व एसरचे १९९ डॉलरांना मिळू लागले, तेव्हा चित्र पालटले.

खरा आश्रय मिळाला तो अमेरिकन शाळांचा. संगणक चालू होण्यास काही सेकंद पुरत. विद्यार्थ्याने कोणत्याही यंत्रावर आपले नाव व परवलीचा शब्द दिला की त्याचे काम त्याच्यासमोर येई. यंत्र फुटले तरी वही शाबूत राही. परिचालन प्रणालीच्या दोन प्रती यंत्रात असून दर वेळी सुरू होताना ती स्वतःची तपासणी करते, त्यामुळे विषाणूंचा उपद्रव क्वचितच होतो. ज्या शाळेत तंत्रज्ञ नाही तेथे या गुणांचे मोल किमतीहून अधिक. २०१५ च्या सुमारास अमेरिकन शाळांनी घेतलेल्या नव्या संगणकांत निम्म्याहून अधिक क्रोमबुके होती. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, मागणी आणखी वाढली.

भारतात ती ऑक्टोबर २०१३ पासून मिळू लागली, आणि २०१५ मध्ये तेरा हजार रुपयांच्या आतील प्रतिरूपेही आली. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये दूरस्थ शिक्षणासाठी गूगलशी सहकार्य केले. पण येथील बहुसंख्य मुलांनी ते वर्ग मोबाइलवरच पाहिले. एचपीने ऑक्टोबर २०२३ पासून चेन्नईजवळ क्रोमबुकांची जुळणी सुरू केली.

खरेदीचा निर्णय : ग्राहकाच्या नजरेतून सहज निसटणारी गोष्ट म्हणजे यंत्राची मुदत. ठराविक तारखेनंतर क्रोमबुकाला सुरक्षाविषयक सुधारणा मिळत नाहीत, आणि ही मुदत खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर त्या प्रकारचे यंत्र प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजली जाते. सवलतीत मिळालेल्या कोऱ्या यंत्राचे अर्धे आयुष्य दुकानाच्या फळीवरच सरलेले असू शकते. आरंभी ही मुदत पाच वर्षांच्या आसपास होती, पुढे आठ वर्षे झाली. धडधाकट यंत्रे शाळांना मोडीत काढावी लागतात, असा आक्षेप एका अमेरिकन ग्राहकहित संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये घेतला व सप्टेंबरमध्ये गूगलने ती दहा वर्षांवर नेली. प्रत्येक प्रतिरूपाची अखेरची तारीख गूगल प्रसिद्ध करते. पैसे मोजण्यापूर्वी ती पाहणे अगत्याचे आहे.

मराठी लेखकाला युनिकोड देवनागरीत लिहिण्यास या यंत्रावर अडचण येत नाही. मुद्रणव्यवसायातील श्री-लिपी किंवा हिशेबाची टॅली यांसारख्या विंडोजसाठी रचलेल्या आज्ञावल्या मात्र त्यावर सरळ चालत नाहीत. जुळारी, हिशेबनीस, अभियांत्रिकीचा विद्यार्थी यांनी या वाटेस न जाणेच बरे. २०१६ पासून अँड्रॉइडची व २०१८ पासून लिनक्सची ॲप्स वापरण्याची सोय झाली, तरी अल्पमोली यंत्राच्या ४ जीबी स्मृतीवर तिचा भार पडतो. काही कागदपत्रे महाजालाविना उघडता येतात, पण तशी तजवीज आधी करून ठेवावी लागते. भारनियमनाच्या गावात यंत्राची बॅटरी आठ-दहा तास टिकली तरी राउटर पहिल्या मिनिटालाच बंद पडतो, याचा विचार जाहिरातीत नसतो.

मुलांच्या माहितीचा प्रश्न डेन्मार्कमध्ये ऐरणीवर आला. एका पालकाच्या तक्रारीतून उद्‌भवलेल्या प्रकरणात तेथील माहितीसंरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हेल्सिंगॉर नगरपालिकेच्या शाळांतील क्रोमबुकांच्या वापरास मनाई केली. सप्टेंबरात ती स्थगित झाली. परंतु जानेवारी २०२४ मध्ये ५३ नगरपालिकांना आपला व्यवहार कायद्याशी जुळवून घेण्याचा आदेश देण्यात आला. आपल्याकडे शाळा यंत्रे घेतात तेव्हा हा प्रश्न पालकसभेत क्वचितच निघतो.

ज्याच्या घरी जुना संगणक पडून आहे त्याला आणखी एक मार्ग आहे. गूगलने जुलै २०२२ मध्ये ‘क्रोम ओएस फ्लेक्स’ ही विनामूल्य आवृत्ती खुली केली. ती अनेक जुन्या यंत्रांवर बसविता येते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने तिचे महत्त्व वाढले आहे. क्रोम ओएस व अँड्रॉइड यांचा पाया एक करण्याचा मानस गूगलने २०२५ मध्ये जाहीर केला. म्हणून नवे यंत्र घेणाऱ्याने त्याच्या मुदतीची तारीख पावतीबरोबर लिहून घ्यावी.