आर्माडिलो दिसला तर हात लावावा का?

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक आज अमेरिकेत राहतात. सुट्टीत त्यांच्याकडे गेलेली मुलं मोबाइलवर एका विचित्र प्राण्याचे फोटो पाठवतात. अंगावर चिलखत, लांब तोंड, उंदरासारखी शेपटी. अंगणात संध्याकाळी माती उकरत फिरणारा हा प्राणी म्हणजे आर्माडिलो. दिसायला गरीब, म्हणून मुलं त्याच्या मागे धावतात, उचलायला बघतात. असं करावं का? थोडक्यात उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्यामागचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे, म्हणजे भीतीही उगाच वाढणार नाही.

हा प्राणी आहे तरी कोण?

आर्माडिलो फक्त अमेरिका खंडांत आढळतो. त्याच्या साधारण २० जाती असून बहुतेक दक्षिण आणि मध्य अमेरिकेत आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुख्यतः नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो दिसतो. एकोणिसाव्या शतकात तो मेक्सिकोकडून टेक्सासमध्ये आला आणि हळूहळू लुइझियाना, फ्लोरिडा आणि त्याच्याही पुढे पसरला. १९९५ मध्ये टेक्सासने त्याला राज्याचा अधिकृत लहान सस्तन प्राणी म्हणून मान दिला.

आकाराने तो मांजराएवढा असतो. पाठीवरचं कवच हाडांच्या छोट्या चकत्यांचं असतं. नजर कमजोर, पण नाक मात्र तेज. जमिनीतले किडे, अळ्या, मुंग्या हे त्याचं खाणं. मादीला एका वेळी चार पिल्लं होतात आणि ती चारही एकाच अंड्यापासून झालेली, हुबेहूब सारखी असतात. घाबरला की तो जागच्या जागी तीन-चार फूट उंच उडी मारतो. याच सवयीमुळे रस्त्यावर गाडीखाली येऊन पुष्कळ आर्माडिलो मरतात.

आपल्याकडे याला बऱ्याचदा खवले मांजर समजतात, पण दोघांचं नातं नाही. खवले मांजर कोकणात आणि सह्याद्रीत आढळतं. त्याची खवलं आपल्या नखांसारख्या पदार्थाची असतात आणि कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. भारतातल्या जंगलात आर्माडिलो नाही.

मग हात का लावायचा नाही?

कारण कुष्ठरोगाचं आहे. या रोगाचे जंतू थंड शरीरात चांगले वाढतात. आर्माडिलोच्या शरीराचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे माणसापेक्षा कमी. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काही आर्माडिलोंमध्ये हे जंतू सापडतात. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तिथल्या काही रुग्णांमधले जंतू आणि आर्माडिलोमधले जंतू एकाच प्रकारचे होते. ब्राझीलच्या पारा राज्यात काही गावांत लोक आर्माडिलोची शिकार करून मांस खातात. तिथल्या अभ्यासातही अनेक आर्माडिलोंमध्ये हा संसर्ग दिसून आला.

गंमत अशी की हा रोग आर्माडिलोचा मुळातला नाही. युरोपातून आलेल्या माणसांकडूनच तो त्याला लागला, असं शास्त्रज्ञ मानतात.

याशिवाय त्याच्या पंजाची नखं लांब आणि मजबूत असतात. पकडलं तर तो सुटण्यासाठी जोरात धडपडतो आणि चांगलंच ओरबाडतो.

हात लागलाच तर?

घाबरून जाऊ नका. ९५ टक्क्यांहून जास्त माणसांच्या शरीरात कुष्ठरोगाशी लढण्याची नैसर्गिक ताकद असते. एकदा हात लागला म्हणून रोग होण्याची शक्यता फारच कमी आहे. एवढं करा:

– साबण आणि पाण्याने हात स्वच्छ धुवा.
– ओरबाडलं असेल तर जखम धुऊन डॉक्टरांना दाखवा.
– रस्त्यावर मेलेल्या आर्माडिलोला मुलांना हात लावू देऊ नका. उचलणं भागच असेल तर हातमोजे घाला.
– अंगणात खड्डे पाडत असेल तर स्वतः पकडू नका, तिथल्या वन्यजीव विभागाला कळवा.
– पुढे कधी अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डॉक्टरांना आर्माडिलोची गोष्ट आवर्जून सांगा. हा रोग दिसायला अनेक वर्षं लागू शकतात.

भीती प्राण्याची, शिक्षा माणसाला नको

हे सगळं वाचून कोणी कुष्ठरोग झालेल्या माणसापासून दूर पळू नये, असं आम्हांला मनापासून वाटतं. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण भारतात सापडतात. आपल्याकडे आर्माडिलो नाही. इथे हा रोग उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातून पसरतो. हस्तांदोलन केल्याने, शेजारी बसल्याने, एका दस्तरखानावर जेवल्याने तो होत नाही. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला धोका उरत नाही. सहा महिने ते एक वर्ष गोळ्या घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात.

तरीही अनेक घरांत चट्टा लपवला जातो. मुलीचं लग्न मोडेल, मोहल्ल्यात लोक काय म्हणतील, या भीतीने उपचाराला उशीर होतो आणि मग हातापायाची बोटं वाकडी होतात. ते नुकसान गोळ्यांनी भरून येत नाही.

म्हणून मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. रानातला प्राणी लांबून बघायचा, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. आणि आजारी माणूस दिसला तर मात्र लांब राहायचं नाही, त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करायची.