खर्च थोडा, अंतराळ मोठे

विज्ञानपट म्हटला की चकचकीत याने, गंभीर चेहऱ्याचे शास्त्रज्ञ आणि कोट्यवधी डॉलरचा खर्च डोळ्यांसमोर येतो. या घराण्याला एक वात्रट शाखाही आहे. तिच्यातली याने खिळखिळी असतात, अंतराळवीर एकमेकांच्या तोंडाला कंटाळलेले असतात आणि परग्रहवासी पाहून भीतीऐवजी हसू फुटते. यातले कित्येक चित्रपट आधी आपटले. पुढे मध्यरात्रीचे खेळ आणि हातोहात फिरणाऱ्या व्हिडिओ कॅसेटी यांनी त्यांना असा प्रेक्षक मिळवून दिला, की ज्याला संवाद तोंडपाठ असतात. अशा चित्रपटांना कल्ट म्हणण्याचा प्रघात आहे.

विज्ञानाशी आपले काय देणेघेणे, असे वाटणाऱ्या वाचकांनीही इथे बिचकू नये. या चित्रपटांत यंत्रे दुय्यम असतात. खिशात पैसा नसल्यामुळे दिग्दर्शकाला माणसांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे मानपान, हेवेदावे, सरकारी खाक्या, कंटाळा असा आपल्या ओळखीचा सगळा संसार अंतराळात जाऊन पोहोचतो. माझ्या मते या शाखेची खरी कमाई हीच आहे.

‘डार्क स्टार’ (1974) पाहा. जॉन कार्पेंटर आणि डॅन ओ'बॅनन यांनी तो विद्यार्थिदशेत सुरू केला आणि जेमतेम साठ हजार डॉलरच्या आसपास तडीस नेला. अस्थिर ग्रह बॉम्बने उडवत चाललेल्या या यानात टॉयलेट पेपरचा साठा कधीच नष्ट झालेला आहे. कप्तान मेला आहे; पण त्याला बर्फात गोठवून ठेवले आहे आणि अडचण आली की त्याचाच सल्ला घ्यायचा! यानावरचा परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनारी खेळायचा रंगवलेला चेंडू, खाली दोन पंजे लावलेला. तो पैसे नसल्याचा पुरावा आहे आणि विनोदाचा ऐवजही. पुढे एक बोलका बॉम्ब अडकून बसतो आणि तरीही फुटायचा हट्ट धरतो, तेव्हा यानावरचा अंतराळवीर डूलिटल बाहेर अंतराळात तरंगत जाऊन त्याला तत्त्वज्ञान शिकवू लागतो: तुला मिळालेला हुकूम खरा होता, हे तुला कशावरून कळले? बॉम्ब विचारात पडतो. पुढचे सांगत नाही. एवढेच सांगतो, की यानात मोकाट सुटलेल्या त्या चेंडूसारख्या प्राण्याचीच कल्पना ओ'बॅनन यांनी नंतर हसू वजा करून वापरली आणि ‘एलियन’ (1979) जन्माला आला.

या प्रांतातला माझा सर्वांत लाडका चित्रपट मात्र सोव्हिएत आहे. गिओर्गी दानेलिया यांचा ‘किन-झा-झा!’ (1986). बायकोने ब्रेड आणि मॅकरोनी आणायला पाठवलेला बांधकामावरचा फोरमन वोवा आणि व्हायोलिन घेऊन निघालेला जॉर्जियन विद्यार्थी गेदेवान यांना मॉस्कोच्या रस्त्यात एक अनवाणी इसम भेटतो. आपण परग्रहावरचे आहोत, असे तो सांगतो. वोवा त्याला वेडा समजून त्याच्या हातातल्या यंत्राचे बटण दाबतो आणि क्षणात दोघे वाळवंटात. वोवा डगमगत नाही. हे काराकुम, अश्गाबात त्या बाजूला, असा निकाल देऊन तो चालू लागतो. गंमत अशी, की चित्रीकरण खरोखरच काराकुममध्ये झाले होते.

प्लूक नावाच्या त्या ग्रहावर गंजक्या घंटेसारखी याने उडतात आणि ‘कू’ या एका शब्दावर बहुतेक संभाषण भागते. आगपेटीतली काडी ही तिथली मोठी दौलत. रहिवाशांचे दोन भेद आहेत, चातलानी आणि पात्साक. कोण कुठला, हे नुसते पाहून कुणालाच कळत नाही. एक छोटे यंत्र रोखायचे. दिवा नारिंगी लागतो की हिरवा, त्यावर तुमची पायरी ठरते. खालच्याने नाकात घंटी अडकवायची आणि वरच्यापुढे खाली बसून ‘कू’ करायचे. वरच्यांतही पुन्हा विजारीच्या रंगावरून मान कमी-जास्त. रोख अर्थातच सोव्हिएत समाजावर होता; पण पंक्तिभेद, शिवाशीव आणि ‘साहेब आले, उठा’ हे सारे ज्याने पाहिले आहे, त्या मराठी प्रेक्षकाला इथे तळटीप लागणार नाही.

सुरुवात कुठून करावी? टीव्हीवर अंतराळमालिका पाहत मोठे झाला असाल, तर ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ (1999) आधी घ्या. जुन्या मालिकेतल्या बेकार नटांना खरे परग्रहवासी खरे वीर समजून युद्धावर नेतात. ‘एलियन’ची नायिका सिगर्नी वीव्हर इथे स्वतःच्याच घराण्याची थट्टा करते. ‘इडिओक्रसी’ (2006) अवश्य पाहा. कल्पना तल्लख आहे, चित्रपट तेवढा नाही. ‘डार्क स्टार’ एकट्याने पाहू नये. सोबत दोघे-तिघे असले की त्याचा संथपणा जाचत नाही, उलट तोच विनोद होतो.

‘किन-झा-झा!’साठी मात्र सवड काढा. सव्वादोन तासांचा आणि दोन भागांचा तो चित्रपट पहिला अर्धा तास काहीच उलगडून सांगत नाही. वाचकांनी त्या वेळी मोबाइलवर अर्थ शोधत बसू नये. वोवालाही काही कळत नसते. दानेलियांनी 2013 मध्ये याच कथेचा अॅनिमेशनपट केला. तो मुलांना दाखवायला हरकत नाही, पण तुम्ही आधी वाळवंटातला पाहा.