२४ तासांच्या लघवीतला युरिया नक्की काय सांगतो?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'युरिन युरिया नायट्रोजन, २४ तास' असे लिहिलेले असते आणि बहुतेकांना वाटते, ही फक्त किडनीची तपासणी. प्रत्यक्षात ही चाचणी किडनीइतकीच ताटाबद्दलही बोलते.

डाळ, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांमध्ये वजनाच्या साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. प्रथिने वापरली गेली की उरलेल्या नायट्रोजनचे यकृतात युरियात रूपांतर होते, तो रक्तातून किडनीकडे जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. त्यामुळे दिवसभरात किती युरिया गेला हे मोजले, की शरीराने किती प्रथिने वापरली याचा अंदाज येतो. नेहमीचा आहार घेणाऱ्या प्रौढ माणसात हा आकडा दिवसाला साधारण १२ ते २० ग्रॅम नायट्रोजन इतका असतो. कमी प्रथिने खाणाऱ्याचा तो कमी येतो, आणि तो आजार नव्हे.

खरा उपयोग दिसतो तो किडनीच्या जुन्या आजारात. डायलिसिस सुरू नसलेल्या ६० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगितली आहेत असे समजा. त्याच्या लघवीत ७ ग्रॅम युरिया नायट्रोजन आला. इतर वाटांनी जाणाऱ्या नायट्रोजनसाठी दर किलो वजनामागे ०.०३१ ग्रॅम धरतात, म्हणजे आणखी १.८६ ग्रॅम. बेरीज ८.८६, गुणिले ६.२५, म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने. रुग्ण 'पथ्य पाळतो' म्हणाला तरी रोज निदान एका अंड्याइतकी प्रथिने जास्तच जात आहेत. उलट अतिदक्षता विभागातल्या किंवा मोठ्या भाजलेल्या रुग्णात खाण्यापेक्षा जास्त नायट्रोजन बाहेर पडत असेल, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडते आहे, आणि आहार वाढवावा लागतो.

पण हे सगळे गणित एका कॅनवर उभे आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवस-रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळचीही. ऑफिसात, लोकलच्या प्रवासात एखादी वेळ चुकली की आकडा खोटा कमी येतो आणि वर 'पथ्य उत्तम' अशी शाबासकी मिळते! पनवेल किंवा ऐरोलीहून रोज मुंबई गाठणाऱ्यांनी रविवारी सकाळी सुरुवात करून सोमवारी सकाळी संपवणे सोयीचे. नवी मुंबईच्या दमट उकाड्यात कॅन बाहेर ठेवू नये. जंतू युरियाचा अमोनिया करतात, म्हणून फ्रीज किंवा बर्फाचा डबा हवा. लॅबने कॅनमध्ये आधीच औषध घातले असेल तर ते ओतून टाकू नये.

कोपऱ्यावरच्या कलेक्शन सेंटरमधून नमुना बऱ्याचदा मोठ्या प्रयोगशाळेत जातो (थायरोकेअरची मुख्य प्रयोगशाळा तुर्भ्याच्या एमआयडीसीतच आहे). तिथे पूर्ण कॅन लागत नाही, ढवळून घेतलेला थोडा भाग पुरतो. मात्र एकूण किती मिलीलिटर लघवी जमली हे नोंदलेले असायलाच हवे. गोळा करणे पूर्ण झाले का, हे त्याच नमुन्यातल्या क्रिएटिनिनवरून ताडता येते. ६० किलोच्या पुरुषात ते दिवसाला साधारण १२०० मिलीग्रॅम अपेक्षित असते. ६००च आले, तर बरीचशी लघवी कॅनबाहेर गेल्याची शंका घ्यावी.

एक गफलत नेहमी होते. लघवीतला युरिया म्हणजे 'लघवीतून प्रोटीन जाणे' नव्हे. युरिया जायलाच हवा. अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र अगदी नगण्य जावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी किडनीची सुरुवातीची इजा पकडायला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासावे. त्याला कॅन लागत नाही, सकाळची थोडी लघवी पुरते. ते ३० मिलीग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेले, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावे.